मजुराची ओळख कोणीं पटवावी?

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण व्यक्तींपुरतीच खरी आहे असें नाहीं. राज्यांनाहि ती लागू पडते. केंद्राच्या तिजोरींतून आलेल्या द्रव्याबरोबर केंद्राच्या अटीहि येतात. त्या अखेर कोणाच्या माथीं बसतात, हें सातारा-सांगलीच्या दुष्काळी टापूंत सुरू झालेल्या एका योजनेच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

सन १९६५ मध्यें विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत माण, खटाव, जत या भागांतील स्त्रीपुरुषांनीं खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. १९७७ सालीं या हमीस कायद्याचें रूप आलें. तिच्यासाठीं १९७५ पासून व्यवसायकर घेतला जात होता व तितकीच भर राज्य घालीत असे. पैसा राज्याचा, म्हणून ओळखीची रीतहि येथलीच होती: गांवांत नोंदलेलें नांव आणि हजेरीपटावरील अंगठा. ही रीत निर्दोष होती असें मात्र नव्हे; हजेरीपटांत खोटीं नांवें घुसडल्याची तक्रार जुनीच आहे.

२००५ च्या केंद्रीय कायद्यानें चित्र पालटलें. वर्षांतील १०० दिवसांपर्यंत अकुशल मजुरीचा भार केंद्रानें उचलला, आणि महाराष्ट्रानें आपला कायदा त्याला जुळवून घेतला. पुढें विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगानें, दारिद्र्यरेषेखालील लोकांची आधार-नोंदणी व्हावी म्हणून, राज्यांना माणशीं १०० रुपयांच्या हिशेबानें सुमारें २,९८९ कोटींचें अनुदान सुचविलें. आरंभीं हें असें उत्तेजन होतें. पुढें सक्ति आली. केंद्राच्या संचित निधींतून मिळणाऱ्या लाभांसाठीं आधार मागणें सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं वैध ठरविलें, आणि १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधाराच्याच द्वारें देण्याचा नियम झाला. जॉब कार्ड, बँकेचें खातें आणि आधार या तिहींची सांगड जमली पाहिजे. नांवांतील एका अक्षराची तफावतहि ती सांगड अडवूं शकते.

पैसा देणारानें हिशेब मागावा, यांत गैर कांहींच नाहीं. परंतु दोन्ही रीतींतील चुकीचा भार कोणावर पडतो तें पाहावें. जुन्या रीतींत खोटें नांव खपलें तर तिजोरीला तोशीस लागे. नव्या रीतींत खरें नांव अडकलें तर मजुराची चूल विझते. शिवाय मजुरी हें दान नव्हे. माती वाहून झाली, मोजमाप झालें, कीं तें सरकारचें देणें होतें. आणि देणेकऱ्यानें धनकोलाच ‘तूं कोण?’ असें विचारून स्वस्थ बसावें, हें न्यायाचें नव्हे. ओळख पटविण्याचें काम कचेरीनें आपल्या खर्चानें व काम सुरू होण्यापूर्वीं उरकावें. विसापुरास जी हमी जन्मली ती कामाची होती; कामाबरोबर दामाचीहि हमी असावी, एवढेंच मागणें आहे.