अहमदनगरची पुसलेली राणी

सन 1432 च्या सुमारास माहीमच्या रायाची कन्या गुजरातच्या सुलतान अहमदशहाच्या मुलास दिली, अशी नोंद तिकडच्या जुन्या तवारिखांत आढळते. वधूचें नांव तेथें नाहीं. दोन घराण्यांचा संबंध जुळला, एवढेंच लिहिणारांस पुरेसें वाटलें. परक्या राजवाड्यांत गेलेल्या स्त्रीची इतिहासांत बहुधा हीच गत होते. परंतु त्यानंतर सुमारें सवाशें वर्षांनीं घाटावर, अहमदनगरास, एक राणी अशी झाली कीं, तिला नुसतें विसरणें शक्य नव्हतें. तिला पुसावें लागलें.

ही खुंजा हुमायूं. हुसेन निजामशहाची ही बेगम अझरबैजानच्या एका जुन्या राजकुळाशीं नातें सांगणाऱ्या घराण्यांतील. प्रसिद्ध चांदबिबी ही तिचीच मुलगी. जानेवारी 1565 मध्यें तालिकोटच्या रणांत रामराजा पडला आणि त्याच वर्षीं हुसेनशहाहि वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार आईच्या हातीं आला. पडद्याआड बसून ती दरबार चालवी. पण प्रसंग पडल्यास पडदा सोडून छावणींतहि जाई. विजापूरच्या अली आदिलशहानें विजयनगरच्या उरल्या मुलुखावर हात टाकला, तेव्हां तिनें मुलास बरोबर घेऊन थेट विजापुरावर चाल केली. अली हा तिचा जांवई. पण नातें राज्याच्या आड येऊं देणारी ती बाई नव्हती.

तिचा दोष म्हणजे भावांवरची माया. ऐन-उल्-मुल्क आणि ताजखान या भावांस तिनें मोठमोठ्या जहागिरी दिल्या. जुने सरदार चिडले आणि तरुण मुर्तजाच्या कानाशीं लागले. आमच्या मतें, येथें दोष एकट्या राणीचा नव्हे. जिचें माहेर दूर आणि जिच्या हाताखालचा प्रत्येक सरदार आपापल्या गटाचा, तिनें विश्वास तरी कोणावर टाकावा? आणि तक्रार करणारे तरी निरिच्छ कोठें होते!

या कटाची हकीकत फेरिश्त्यानें दिली आहे; त्याचें स्वतःचें बालपण याच दरबाराच्या छायेंत गेलें होतें. पहिल्या खेपेस सर्व सिद्धता झाली असतां आईनें सहज कांहीं कामासाठीं मुर्तजास बोलाविलें. कट फुटला असें वाटून पोरगा घाबरला आणि आपण होऊन सर्व कांहीं सांगून बसला! सरदार पकडले गेले. पुढें 1569 च्या सुमारास विजापूरचा सरदार किश्वरखान याजवर स्वारी निघाली असतां दुसरा डाव पडला. हबशीखान राणीस धरण्यास आला, तेव्हां ती हत्यारें घेऊन घोड्यावर चढली होती. त्यानें हात धरतांच तिनें कट्यार उपसली. पण ती हातांतून हिसकून घेतली गेली. भाऊ कामास आले नाहींत. ज्या मुलासाठीं तिनें राज्य राखलें, त्याच्याच हुकुमानें ती कैदेंत पडली. मुर्तजालाहि पुढें सुख लागलें नाहीं. 1588 मध्यें त्याचा पोटचा मुलगा मीरान हुसेन यानेंच त्याचा प्राण घेतला.

आतां पुसण्याची गोष्ट. आफताबी नांवाच्या कवीनें हुसेनशहाच्या स्तुतिपर फारसी काव्य रचलें. त्याची सचित्र प्रत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. तींत बारा चित्रें उरलीं आहेत. त्यांपैकीं अनेकांत राजाशेजारी राणी बसलेली होती. परंतु मागाहून कोणी तिच्या आकृतीवर रंगाचा लेप फांसला. राणीच्या पाडावानंतर दरबारच्या रोषामुळें हें झालें असावें, असा संशोधकांचा तर्क आहे. रंग मात्र दाट बसला नाहीं. निरखून पाहणारास बैठकीचा आकार अजून दिसतो.

एक चित्र हातचें सुटलें. संस्कृत काव्यें वाचणारांस दोहदाचा संकेत परिचित आहे: सुंदर स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष फुलतो. फारसी काव्याच्या या पोथींत तोच देशी संकेत रंगविला आहे, आणि बहरलेल्या झाडापाशीं उभी असलेली ती स्त्री तेथें जशीच्या तशी आहे.