चौंडीची लेक, महेश्वरची राणी: अहिल्यादेवींनी देवळं बांधली, पण पैसा कुणाचा?

अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी गावात झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. पुढे सासरे मल्हारराव आणि मुलगा मालेराव हेही गेले. त्यानंतर 1767 पासून 1795 पर्यंत, म्हणजे जवळपास 28 वर्षे त्यांनी माळव्याचा कारभार सांभाळला. राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला होती.

देवळं कुठे-कुठे?
काशीचं आजचं विश्वनाथ मंदिर त्यांनी 1780 च्या सुमारास उभं केलं. त्याच्या शिखरावरचं सोनं मात्र नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलं. 1783 मध्ये सोमनाथला जुन्या भग्न देवळाजवळ नवं मंदिर बांधलं. गयेचं विष्णुपद मंदिरही त्यांचंच काम. यातली बरीच ठिकाणं होळकरांच्या राज्याबाहेरची.

खर्च कुणी केला?
खरी गोष्ट इथेच आहे. होळकरांचा हिशोब दोन ठिकाणी असायचा. रयतेच्या साऱ्याचा पैसा 'दौलत' म्हणजे सरकारी खजिन्यात, तर राणीचं स्वतःचं उत्पन्न 'खासगी'त. दानधर्माचा खर्च खासगीतून व्हायचा. फौज आणि कारभाराच्या पैशाला हात लागत नसे. शिवाय नुसती देवळंच नाहीत, तर घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा आणि अन्नछत्रंही झाली. वाटसरूला पाणी अन् निवारा मिळाला.

माग आणि शाहिरी
महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. त्यातून महेश्वरी साडी नावारूपाला आली. तिच्या काठावर किल्ल्याचं नक्षीकाम अन् नर्मदेच्या लाटा दिसतात. मधल्या काळात हे माग थंडावले होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि त्या कामाला पुन्हा चालना मिळाली.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी त्यांच्या भेटीला गेले होते, असं सांगतात. अहिल्यादेवींच्या सांगण्यावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरला त्यांचं निधन झालं. आज आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. गावच्या देवळाची वर्गणी असो की ग्रामपंचायतीचा निधी, दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवणं हा त्यांचा धडा आजही लागू पडतो.