कोठडीतील कबुलीजबाब आणि त्याची किंमत

ताब्यातील माणसाकडून माहिती किंवा कबुली मिळविण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्याने त्याला जाणूनबुजून तीव्र वेदना देणे, म्हणजे छळ. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८४ सालच्या छळविरोधी कराराचा गाभा हाच आहे. भारताने १९९७ साली त्यावर स्वाक्षरी केली, परंतु त्याला अनुमोदन दिलेले नाही. २०१० साली लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक संमत केले; ते राज्यसभेपुढे अडकले आणि पुढे रद्दबातल झाले.

आपल्या कायद्यात छळाला परवानगी नाही, तो गुन्हाच आहे. मग 'शासनमान्य छळ' हा शब्द वापरावा काय? आमच्या मते वापरावा. शासन छळाचा हुकूम काढत नाही, मात्र छळातून जे हाती येते त्याला मोल देते.

कळंबोलीच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. येथून थोड्याच अंतरावर तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. ८३ वर्षांचे येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून तेथे होते. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नसे. नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. त्यांची कथा वरील व्याख्येत बसत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ताब्यातील माणसाचा देह किती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो, हे तिने आपल्या परिसराला दाखविले.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला. परकी सरकारलाही आपल्या ठाण्यांत काय चालते याची कल्पना होती! २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम टिकून आहे. स्वतंत्र भारताने मात्र त्याला अपवाद निर्माण केले: प्रथम 'टाडा', आणि १९९९ साली महाराष्ट्राचा 'मोक्का'. मोक्काच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ग्राह्य ठरते, आणि ती त्याच खटल्यातील सहआरोपींविरुद्धही वापरता येते. पोलीस कोठडीची मुदतही तीस दिवसांपर्यंत वाढते. कबुलीला भाव आला की ती मिळविण्याचा मोहही वाढतो.

११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे कामावरून घरी परतलीच नाहीत. मोक्काखाली खटला चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. अनेक कबुलीजबाबांतील मजकूर एकमेकांशी हुबेहूब जुळत होता. रुग्णालयांची वैद्यकीय कागदपत्रे छळाच्या तक्रारींना दुजोरा देत होती. बारांपैकी एक जण २०२१ सालीच नागपूरच्या कारागृहात कोविडने मरण पावला होता. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य मोक्का खटल्यांत पूर्वोदाहरण मानू नये, असे त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी सांगितले, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

छळाचे समर्थन करणारे नेहमी बळींच्या नावाने बोलतात. तर मग या स्फोटांत ज्यांनी पती, मुलगी, भाऊ गमावला, त्यांच्या पदरी एकोणीस वर्षांनी काय पडले? स्फोट कोणी केले, हे त्यांना कळलेले नाही. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, गुन्हा उलगडल्याचा आभास निर्माण केला म्हणजे खरा धोका मोकळाच राहतो. सर्व आरोपी मुस्लिम समाजातील होते, आणि त्या वस्त्यांतून पोलिसांना पुढे विश्वासाने माहिती देण्यास कोण येणार, हा प्रश्न सुरक्षेचाच आहे.

ख्वाजा युनूस या परभणीच्या तरुण अभियंत्याचे प्रकरण याहून जुने आहे. घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. तो कोठडीतच मरण पावल्याचे सीआयडीच्या चौकशीत आढळले. चौकशीत चौदा पोलिसांवर ठपका आला, शासनाने चौघांवरच खटल्याची मंजुरी दिली, आणि जून २०२० मध्ये ते चौघे सेवेत परतले. मान्यता अशीही दिली जाते.

येथे ख्रिस्तसभेनेही मान वर करून बोलू नये. पोप चौथे इनोसंट यांनी १२५२ साली पाखंडाच्या चौकशीत छळास अनुमती दिली, आणि १५६० पासून गोव्यातील इन्क्विझिशनने ती परंपरा आपल्या दारापर्यंत आणली. धर्मगुरूंनी आपल्या न्यायासनांत छळाची रीत स्वीकारली होती, हे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९८ मान्य करतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शारीरिक व मानसिक छळाचा स्पष्ट निषेध केला.

डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालातील काही नियम प्रत्येक कुटुंबाने ठाऊक करून घ्यावेत. अटकेचा मेमो तयार व्हावा, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी. अटकेची वार्ता आप्तांना कळवावी. कोठडीत असताना दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. या तपासणीचा कागद त्या दिवशी क्षुल्लक वाटतो. २००६ च्या आरोपींना तसाच कागद एकोणीस वर्षांनी उपयोगी पडला.