आवाज आपला, पडदा कोणाचा?

७ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतील सान्ता क्लारा येथे फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात बियॉन्से ही कृष्णवर्णीय गायिका मैदानात उतरली. तिच्यासोबतच्या नर्तकींच्या अंगावर काळे कातडी कपडे होते आणि डोक्यावर काळ्या गोल टोप्या. तो वेष ब्लॅक पँथरचा होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या त्या पक्षाचे ते पन्नासावे वर्ष. कोट्यवधी लोकांनी ते दृश्य घरबसल्या पाहिले. मायामीच्या पोलिसांच्या संघटनेने तिच्या कार्यक्रमावर बहिष्काराची भाषा केली. अवघ्या काही मिनिटांच्या गाण्याने राज्ययंत्रणेतील एका घटकाला इतके अस्वस्थ का केले असावे?

वडाळ्याच्या माणसाने हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे विद्यार्थी वसतिगृह दलित पँथरच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. तेथे राजा ढाले राहत होते. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासारख्या तरुणांची तेथे ऊठबस असे. ब्लॅक पँथर यांपैकी कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. छापील कागदावरून तो शब्द मुंबईत आला, आणि १९७२ मध्ये गावोगावच्या अत्याचारांनी पेटलेल्या पिढीने तो आपल्या नावापुढे लावला. आपल्याकडे पँथर आला तो शब्दरूपाने. चित्ररूपाने तो पुढे जगाच्या बाजारात गेला. शब्द आणि चित्र यांच्या या दोन प्रवासांत आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा एक दुर्लक्षित धडा दडलेला आहे, आणि तो उलगडण्याचा येथे प्रयत्न आहे.

बियॉन्सेने जो प्रकार लोकप्रिय केला त्याला दृश्य-अल्बम म्हणतात. एरवी आधी गाणी निघतात, मग त्यांतल्या एकदोन गाण्यांची जाहिरातवजा चित्रफीत निघते. दृश्य-अल्बममध्ये सगळी गाणी आणि सगळी दृश्ये एकाच रचनेचा भाग असतात. डिसेंबर २०१३ मध्ये तिने अशा पद्धतीने, कोणतीही पूर्वसूचना न देता, एक संपूर्ण अल्बम काढला. एप्रिल २०१६ मध्ये ‘लेमोनेड’ आला आणि त्यासोबत सुमारे तासाभराचा चित्रपट. गाण्यांना जोडणारी कविता वॉर्सन शायर या सोमाली वंशाच्या कवयित्रीची होती. वरवर पाहता ही एका पत्नीच्या दुखावलेल्या मनाची कथा. पण मध्येच पडद्यावर तीन आया येतात. ट्रेव्हॉन मार्टिन, मायकेल ब्राऊन आणि एरिक गार्नर या मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या त्या आया. मुलांची छायाचित्रे हातात धरून त्या गप्प बसतात. घरातले दुःख आणि रस्त्यावरचा खून एकाच धाग्यात ओवला जातो. हे सामर्थ्य आपण मान्य केले पाहिजे.

आणि त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३१ जुलै २०२० रोजी तिचा ‘ब्लॅक इज किंग’ हा चित्रपट डिस्नेच्या वाहिनीवर आला. ‘द लायन किंग’च्या निमित्ताने २०१९ मध्ये निघालेल्या अल्बमचा हा जोडचित्रपट. त्यात काळ्या माणसाची प्रतिष्ठा राजाच्या रूपात उभी केली आहे. सिंहासन, वंश, वारसा, दागदागिने. अनेक आफ्रिकी टीकाकारांनी विचारले की आमच्या खंडातला आजचा कष्टकरी यात कोठे आहे? हा प्रश्न आपणही आपल्याला विचारावा असा आहे. आपल्याही गीतांत बाबासाहेबांना राजा म्हणण्याची सवय मोठी आहे. परंतु ज्या माणसाने जन्माधिष्ठित उच्चनीचतेच्या मुळावर घाव घातला, त्याच्या अनुयायांना प्रतिष्ठेसाठी मुकुट कशाला लागावा? माणूस असणे पुरेसे आहे, हाच तर आपल्या लढ्याचा आशय होता.

गाणे आणि दृश्य एकत्र बांधणे ही अमेरिकेची नवलाई आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे गाणे कधी नुसते ऐकायचे नव्हतेच. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा उचलला आणि त्यात प्रबोधन भरले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन वस्त्या-वस्त्यांत गेले. गाणे, संवाद, सोंग, विनोद, प्रश्नोत्तरे अशी ती सलग रचना. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची घडण वडाळ्याच्या शेजारच्या माटुंगा लेबर कॅम्पात झाली होती. कंदिलाच्या किंवा बत्तीच्या उजेडात जो गात असे, तो ऐकणाऱ्यांच्याच चाळीतला, त्यांच्याच गिरणीतला माणूस असे. त्याचा घाम दिसत असे. त्याच्या आवाजाला चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर कोणाची मालकी नव्हती. एक उणीव मात्र झाकता येणार नाही. जलशात बाईचे कामही बहुधा पुरुषच करीत. आपल्या स्त्रियांचे गाणे जात्यावर आणि पाळण्याशीच राहिले.

यंत्र आले आणि आवाज चेहऱ्यापासून तुटला. आधी तबकडी आली, मग रेडिओ, मग १९८०च्या दशकात ध्वनिफीत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या कडेने फितींच्या दुकानांची रांग लागू लागली आणि भीमगीत घराघरांत पोचले. हा लाभ लहान नव्हता. ज्या गावात जलसा कधी गेला नसता तेथे फीत गेली. परंतु फितीवरचा आवाज हा माल झाला. गायकाला बहुधा एकदाची बिदागी मिळे, पुढच्या हजारो प्रतींचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राही. लिहिणाऱ्याची दशा तर याहून वाईट.

वामनदादा कर्डकांकडे पाहा. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता अक्षरे शिकला, १९४३ पासून गाणी रचू लागला आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गात राहिला. त्यांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा आपण अलंकार म्हणून शिकवतो. माझ्या मते ती गरिबाचा स्वामित्वहक्क आहे. ज्याला कागद नाही, करार नाही, वकील नाही, त्याने आपले नाव गाण्याच्या वृत्तातच विणून टाकले. ते काढायचे तर गाणेच मोडावे लागते. पडद्यावर मात्र नाव गाण्याच्या आत राहत नाही. ते नामावलीत जाते, आणि नामावली लिहितो तो पडद्याचा मालक.

अण्णा भाऊंच्या ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आपल्या माणसाची कथा पडद्यावर आली. पण १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले ते विपन्नावस्थेत. कथा पडद्यावर जाणे आणि कथाकाराला पडद्यात वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण त्यांच्या मरणातून शिकायला हवे होते.

मग विलास घोगरे. एकतारी घेऊन गाणारा, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात तो गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. १५ जुलैला घोगरेंनी गळफास घेतला. डोक्याला निळे फडके बांधून. पटवर्धनांनी तेथून पुढे चौदा वर्षे चित्रण केले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. सव्वातीन तासांच्या या माहितीपटात गाणी आहेत, मृतांचे नातेवाईक आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत, शीतल साठे यांच्यासारख्या कबीर कला मंचाच्या तरुण गायिका आहेत. गोळीबारप्रकरणी मनोहर कदम या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि वरच्या न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. ‘लेमोनेड’मध्ये आया गप्प बसतात, येथे वस्ती बोलते, चिडते, गाते. आपल्या भूमीतला गाण्यांचा जोडचित्रपट कोणता असे कोणी विचारले तर मी याच माहितीपटाचे नाव घेईन. त्याला कोणा कंपनीने गाठले नव्हते आणि तो वस्त्यांमधून दाखवला गेला.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. कॅमेरा धरणारा हात आपल्या वस्तीतला नव्हता. त्या हाताचे ऋण मान्य करूनच मी हे लिहितो. १९८५ मध्ये त्या माणसाने ती काही मिनिटे चित्रित केली नसती तर घोगरेंच्या आवाजाला आज चेहरा उरला असता का? दोष त्याचा नाही. आपल्या मंडळांनी पुतळ्यांसाठी, कमानींसाठी, मिरवणुकींसाठी वर्गणी गोळा केली. गाणाऱ्या जिवंत माणसाची नोंद ठेवण्यासाठी किती वेळा केली? नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर रंगमंचावरच कोसळले आणि गेले. त्यांच्याबरोबर किती चाली गेल्या याचा हिशेब कोणाकडे असेल?

हा प्रश्न केवळ जुन्या पिढीचा नाही. मार्च २०२१ मध्ये तमिळमध्ये ‘एंजॉय एंजामी’ हे गाणे चित्रफितीसह आले आणि जगभर गाजले. ते अरिवू या दलित कवी-गायकाने आपल्या आजीच्या, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या वल्लिअम्मलच्या आठवणींतून लिहिले होते. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे सहकलाकार झळकले. अरिवू तेथे नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, तेव्हा मासिकाने त्याच्यासाठी दुसरे मुखपृष्ठ काढले. शेवटच्या कडव्यातले नाव पुसता येत नव्हते. चित्रातले नाव किती सहज गळते, ते यावरून दिसावे.

उलट उदाहरणही आहे, आणि ते स्त्रियांनी दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे ‘पारी’ने त्या प्रसिद्ध करताना गाणारीचे नाव, गाव, जात आणि जमेल तेथे छायाचित्र व चित्रफीतही दिली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरील ओव्या त्यांत आहेत. जलशाने ज्यांना मंचावर जागा दिली नाही, त्यांना येथे नाव मिळाले.

बियॉन्सेपासून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचे वैभव नव्हे. आपले गाणे कोणत्या दृश्यात, कोणत्या क्रमाने, कोणाच्या नावाने दिसेल हे ती स्वतः ठरवते. त्यासाठी तिने स्वतःची निर्मितीसंस्था उभी केली. तिच्याजवळ भांडवल आहे, आपल्याजवळ नाही, हे खरे. पण २००१ मध्ये याच वडाळ्यात आयमॅक्सचा प्रचंड घुमटाकार पडदा उभा राहिला तेव्हा दृश्य ही केवळ धनिकाची गोष्ट होती. आज कॅमेरा कार्यकर्त्याच्या खिशात आहे. तेव्हा साधनाची सबब संपली आहे.

म्हणून शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते यांना एवढेच सांगणे आहे. येत्या १४ एप्रिलला तुमच्या वस्तीत जो म्हातारा शाहीर गाईल, जी आजी पाळणा म्हणेल, त्यांना समोर बसवा. पूर्ण गाणे चित्रित करा. गाणे कोणी रचले, कोणाकडून शिकले, कोणत्या साली, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. चित्रफितीच्या आरंभी त्यांचे नाव लिहा. एक प्रत त्यांच्या घरी, एक वाचनालयात ठेवा. कोणी कंपनी दाराशी आली तर कागद वाचून दाखवल्याशिवाय त्यांचा अंगठा कोठे उमटू देऊ नका. सिद्धार्थ विहारातल्या पोरांनी साता समुद्रापलीकडचा एक शब्द उचलून स्वतःचा इतिहास घडवला. त्यांच्या वारसांनी निदान शेजारच्या चाळीतला आवाज नावानिशी जपावा.