काळ्या फ्रेमची कुळकथा

रात्रीच्या आभाळाचे फोटो काढणाऱ्याच्या मेमरी कार्डात आकाशगंगेच्या फ्रेमांपाठोपाठ दहा-पंधरा ठार काळ्या फ्रेमा हमखास सापडतात. नवख्याला वाटतं, लेन्सचं झाकण काढायचं राहून गेलं. प्रत्यक्षात ते मुद्दाम लावलेलं असतं. या काळ्या फ्रेमला 'डार्क' म्हणतात. ही युक्ती कॅमेऱ्याच्या मेन्यूत आज एका बटणावर मिळत असली तरी तिचं माहेर वेधशाळेत आहे.

फिल्मच्या काळात तिची गरज नव्हती. १८५० साली हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यम बाँड आणि जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचा तो पहिला फोटो. त्यासाठी प्लेट शंभर सेकंद उघडी ठेवावी लागली होती. पुढे ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपरनं मृगातला तेजोमेघ टिपला, त्याला ५१ मिनिटं लागली. त्या काळी अडचण निराळीच होती. प्रकाश फार मंद असला की रासायनिक लेप आळसावतो. वेळ दुप्पट दिला म्हणून प्रतिमा दुप्पट उजळत नाही. या तुटीचं गणित कार्ल श्वार्झशिल्डनं १८९९ च्या सुमारास व्हिएन्नात मांडलं. कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्याचं नाव आहे, तोच हा श्वार्झशिल्ड. पुढची कित्येक दशकं खगोलछायाचित्रकार या तुटीशी झगडत राहिले. फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत तासन् तास शेकून घ्यायची आणि मग तिच्यावर रात्रभर आकाश टिपायचं, इतका खटाटोप ते करत. एवढं करूनही फिल्मवर पडलेल्या प्रकाशातला शंभरातला एखाद-दुसरा कणच कामी यायचा.

१७ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत सीसीडी या सिलिकॉनच्या उपकरणाचा आराखडा मांडला. डोळ्यासमोर होतं संगणकाच्या स्मृतीसाठी लागणारं उपकरण. पण सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, आणि या रचनेत ते पिक्सेलागणिक साठवता येत होते. स्लॅब पडताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा हा साठा शेजारच्या पिक्सेलकडे सरकत टोकाला पोचतो आणि तिथे मोजला जातो. दोघांना २००९ साली नोबेल मिळालं. खगोलशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकातच हे उपकरण दुर्बिणीला लावलं होतं. सिलिकॉन आळसावत नाही. दुप्पट वेळ दिला की दुप्पट प्रकाश नोंदवतं. फिल्मची जुनी व्यथा एका फटक्यात संपली.

तिच्या जागी नवी आली. सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशच हवा असं नाही, ऊबही पुरते. एकदा सुटला की तो ताऱ्याच्या प्रकाशानं सुटला की उकाड्यानं, हे कळायला मार्ग नाही. सेन्सरचं तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की हा 'डार्क करंट' साधारण दुप्पट होतो. काही पिक्सेल मुळातच सदोष असतात. लांबच्या एक्सपोजरमध्ये ते लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांसारखे चमकतात. तारे जुळवून अनेक फ्रेमा एकावर एक रचल्या की हेच ठिपके रंगीत ओरखडे होऊन बसतात.

वेधशाळांनी यावर दोन उपाय केले. एक, द्रवरूप नायट्रोजननं सेन्सर शून्याखाली शंभर अंशांपर्यंत गार करायचा. दुसरा उपाय बिनखर्चाचा. तेवढ्याच वेळाची, त्याच तापमानाची एक फ्रेम अंधारात घ्यायची. तिच्यात फक्त उकाड्याची करामत उमटते. ती मूळ फ्रेममधून वजा करायची. मला हा दुसरा उपाय फार मोठा वाटतो. उपकरणाचा दोष लपवण्याऐवजी त्याचाच फोटो काढायचा, ही शास्त्रज्ञाची रीत आहे.

डिजिटल एसएलआर हौशी लोकांच्या हाती आले तेव्हा कंपन्यांनी हीच वजाबाकी कॅमेऱ्यात घातली. तीस सेकंदांचा फोटो घेतला की कॅमेरा आणखी तीस सेकंद गप्प राहतो, तो यासाठी. २००४ च्या निकॉन डी ७० वर एक गंमत होती. त्याचं सॉफ्टवेअर रॉ फाईलमध्येही बारीक ठिपके पुसायचं आणि त्यात मंद तारेही जायचे.  म्हणून हौशी लोक कॅमेऱ्यातली वजाबाकी चालू ठेवून, मूळ फ्रेम झाल्यावर कॅमेरा स्वतःची काळी फ्रेम घेत असतानाच त्याचं बटण बंद करत. अस्पर्श फाईल कार्डावर उतरायची. खाणाखुणा करून एकमेकांना शिकवलेली ही विद्या होती.

आजचे सेन्सर पुष्कळ शांत आहेत, आणि त्याचं मोठं श्रेय जपानच्या एनईसी कंपनीतल्या नोबुकाझू तेरानिशी यांना जातं. १९८० साली त्यांनी शोधलेल्या 'पिन्ड फोटोडायोड'नं डार्क करंट मुळातच कमी केला. तरीही सह्याद्रीत काळी फ्रेम हवीच. आकाशगंगेचा गाभा धनू-वृश्चिकाच्या दिशेला आहे. डिसेंबरच्या गारव्यात तो सूर्याजवळ असतो, पावसाळ्यात ढगांआड. हाताशी उरतात ते मुख्यतः मार्च ते मे, म्हणजे ऐन उकाड्याचे महिने. आठ अंशांच्या रात्रीशी तुलना केली तर मे महिन्यातल्या अठ्ठावीस अंशांच्या रात्री सेन्सरचा उपद्रव सात ते दहा पट असतो. कोकणकड्यावर वारा गार लागला तरी तासभर चाललेला सेन्सर हवेपेक्षा तापलेलाच असतो.

एकच काळी फ्रेम वजा केली तर ठिपके जातात, पण तिचा स्वतःचा खरखराट मूळ फोटोत मिसळतो. म्हणून अनेक फ्रेमांची सरासरी काढावी लागते. कॅमेऱ्यातली सोय हे करत नाही. शिवाय ताऱ्यांच्या रेषा टिपताना तिच्या थांब्यांमुळे रेषा तुटते. तेव्हा मेन्यूतली सोय बंद ठेवा. काम संपलं की ट्रायपॉड मिटण्याआधी, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळाच्या, झाकण लावून किमान दहा फ्रेमा घ्या. व्ह्यूफाइंडरही झाका; काही एसएलआरच्या पट्ट्याला असलेलं छोटं रबरी झाकण त्यासाठीच आहे. घरी येऊन पंख्याखाली घेतलेल्या डार्कचा उपयोग नाही, कारण तापमान बदललेलं असतं.