मोहाची दारू, ठाणे जिल्ह्यातील
ठाणे जिल्ह्यातील वारली, कातकरी इ. आदिवासी जमातींत मोहाची दारू पूर्वी घरोघरी गाळली जाई. धान्यातील स्टार्चाचे आधी शर्करेत रूपांतर करावे लागते. मोहाच्या फुलांत शर्करा मुळातच असल्याने वाळलेली फुले पाण्यात आंबवून त्यांचे ऊर्ध्वपातन केले, की पुरे होते. मुंबई अबकारी कायद्याने (१८७८) विनापरवाना गाळप गुन्हा ठरले व उत्पादन उरणसारख्या ठिकाणच्या परवानाधारक भट्ट्यांत केंद्रित झाले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या संग्रहावरही निर्बंध आले. ही फुले टंचाईतील अन्नही असल्याने त्याची झळ न पिणाऱ्यांनाही बसली. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुलांवरील निर्बंध शिथिल केले. घरगुती गाळपावरील बंदी मात्र कायम राहिली.