त्वचेचे उष्णता प्रारण

मानवी त्वचा सतत अवरक्त प्रारण बाहेर टाकते आणि भोवतालच्या वस्तूंकडून येणारे तसेच प्रारण शोषून घेते. सुमारे ३३° से. तापमानाच्या त्वचेतून निघणाऱ्या प्रारणाची तीव्रता साधारण ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. डोळ्यांना ते दिसत नाही. उष्णताचित्रण कॅमेऱ्याला दिसते.

या तरंगलांब्यांना त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८ आहे, म्हणजे ती जवळजवळ आदर्श कृष्ण पदार्थासारखी वागते. याला त्वचेच्या रंगाचा अपवाद नाही. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक जेम्स हार्डी यांनी १९३४ मध्ये प्रयोगांनी हे दाखवले. मेलॅनीन दृश्य प्रकाश शोषते, म्हणून उन्हात गोऱ्या व सावळ्या त्वचेत फरक पडतो. अवरक्तात मात्र त्वचेतील पाणी आणि प्रथिने यांचेच शोषण प्रभावी ठरते आणि तेही वरच्या अगदी पातळ थरात.

किर्खहोफ यांच्या नियमानुसार चांगला उत्सर्जक तितकाच चांगला शोषकही असतो. श्टेफान-बोल्ट्समन नियमाने हिशेब केल्यास ३३° से. तापमानाची उघडी त्वचा दर चौरस मीटरला सुमारे ४८५ वॉट बाहेर टाकते, तर २३° से.च्या भिंतींकडून सुमारे ४२५ वॉट परत घेते. निव्वळ घट उरते ती जेमतेम ६० वॉटची. भिंती तापून त्वचेइतक्या उष्ण झाल्या की हा व्यवहार शून्यावर येतो. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली तो उलटतो, आणि शरीराला घामाच्या बाष्पीभवनावरच विसंबावे लागते.